नाक मेलेलं नसतं

आमच्या पत्त्यात अजूनही ‘बी. के. नंबर’ लिहावा लागतो. बी. के. म्हणजे बॅरेक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या लांबच लांब बॅरेकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण ‘कॅम्प’ हा शब्द काही सुटला नाही. आमचा कॅम्प ५, रेल्वेच्या पूर्वेला, अंबरनाथच्या बाजूचा. दोन बिऱ्हाडांत एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे अम्मा. त्यांच्याकडची कढी आमच्याकडे यायची, आमच्याकडच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे जायच्या.

एका सकाळी अम्मा पापडांची चळत घेऊन दारात आल्या आणि उंबऱ्यावरच ओरडल्या, “गॅस! अरी, गॅस निकल रही है!” चळत तिथेच टाकून त्या आत धावल्या, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं. आई तेव्हा ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होती. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं होतं. किती वेळ, देव जाणे. तिला वास आलाच नव्हता. अम्मांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “तेरी तो नाक मर गई है.”

आईने ते वाक्य मनाला लावून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ती स्वतःला दोष देत राहिली: मुलं घरात झोपलेली आणि मला वास येऊ नये! हे प्रकरण लिहायला घेतलं ते या वाक्यापायी. तिचं नाक मेलेलं नव्हतं. ते आपलं काम करत होतं आणि तिचा मेंदूही करत होता. अम्मांचं नाक तिच्याहून तीक्ष्ण होतं असंही नाही. अम्मा बाहेरून आल्या होत्या, एवढाच दोघींत फरक.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं कुजकट वासाचं रसायन मिसळतात. ते इतकं उग्र आहे की हवेत नुसता अंश असला तरी नवं नाक दचकतं. पण गळती हळूहळू वाढत गेली आणि माणूस त्याच खोलीत असला, तर वासाची पातळी आणि त्याची सवय दोन्ही बरोबरीने चढत जातात.

सवयीचा एक भाग नाकातच घडतो. नाकाच्या छतापाशी वास टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर एकच रेणू सारखा आदळत राहिला की काही सेकंदांतच त्या आपला प्रतिसाद कमी करतात. तो वास थांबला की लगेच सावरतात. पण दिवसचे दिवस टिकणारी सवय याने उलगडत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांच्या घरात त्यांनी दोन आठवडे एक ठरावीक वास ठेवला. त्या वासाबद्दलची त्यांची संवेदना घटली, आणि वास काढून घेतल्यावरही पुढे बरेच दिवस घटलेलीच राहिली. नाकातल्या पेशी तर काही मिनिटांत ताज्या होतात. मग इतके दिवस लक्षात कोण ठेवतं?

कॅम्प ५ मध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. रविवारी सकाळी दाल-पकवानच्या तेलाचा वास, जीन्स धुलाईच्या कारखान्यांचा ब्लीचचा वास, वारा फिरला की डम्पिंगचा धूर, पावसाळा सरला की वालधुनीचा भपका. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला बिलगून खाली येते. १०६० सालचा शिलालेख असलेलं ते देऊळ बांधलं तेव्हा तिच्या पाण्याला कसला वास असेल, हा विचार तिथे उभं राहिल्यावर माझ्या मनात दर वेळी येतो. साताऱ्याहून मामा आले की पहिला प्रश्न, “कसला गं वास येतोय?” आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचो. कसला?

उत्तराचा एक मोठा तुकडा मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला सुरू झालेल्या कामातून आला, आणि तो सापडला फळमाशीच्या मेंदूत. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती चिमुकली माशी.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ साली ओबेद सिद्दिकी आले आणि त्यांनी तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सत्तरच्या दशकात ते फळमाशीकडे वळले: चव आणि वास यांत गोंधळ झालेल्या माश्या शोधायच्या आणि कोणतं जनुक बिघडलं ते पाहायचं. त्यांच्याकडे पीएच.डी.ला आल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला, पदवी डब्लिनची. दोघांचा या विषयावरचा पहिला महत्त्वाचा निबंध १९७८ चा. पुढे १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी दाखवलं की वेगवेगळ्या वासांनी माशीच्या मेंदूतले वेगवेगळे पुंजके उजळतात. या पुंजक्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. ते म्हणजे धाग्यांच्या गुंडाळ्या. एका जातीच्या ग्राहक पेशींचे सगळे धागे एकाच गुंडाळीत येऊन भेटतात. माशीत अशा सुमारे ५० गुंडाळ्या असतात, उंदराच्या मेंदूत प्रत्येक बाजूला दोन हजारांच्या घरात.

गुंडाळीतून निरोप वर नेणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, आणि त्यांच्या अवतीभवती तिसऱ्याच प्रकारच्या पेशींचं जाळं पसरलेलं असतं. या स्थानिक पेशी मेंदूच्या त्या भागाबाहेर सहसा जातच नाहीत. त्यांतल्या बहुतेकींचं काम शेजाऱ्यांना आवर घालण्याचं असतं. त्यासाठी त्या जे रसायन सोडतात त्याचं नाव गाबा, म्हणजे गॅमा अमिनोब्युटिरिक आम्ल.

गाबाची कथा थोडक्यात सांगतो. १९५० साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स यांना ते उंदराच्या मेंदूत भरपूर सापडलं, पण ते तिथे करतं काय हे कळेना. १९५७ मध्ये अर्न्स्ट फ्लोरी आणि सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या मेंदूतून काढलेला, चेतापेशींना गप्प करणारा पदार्थ म्हणजे हेच गाबा असल्याचं दाखवलं. पेशीवरच्या ग्राहकाला गाबा चिकटलं की एक दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी पेटता पेटता थंडावते. मेंदू हे रसायन ग्लुटामेटपासून बनवतो. ग्लुटामेट म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोतलंच. मेंदूतलं मुख्य चेतवणारं रसायन तेच. त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा वेगळा झाला की चेतवणाऱ्याचा आवरणारा होतो. ज्या उसापासून गूळ त्याच उसापासून शिरका व्हावा, तसं काहीसं.

आता माशीचा प्रयोग. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. कार्बन डायऑक्साइड माशीला आवडत नाही, आणि अननसासारखा वास असलेलं इथाइल ब्युटिरेटही जास्त झालं तर ती तोंड फिरवते. पण माश्यांना अर्धा तास त्या वासात ठेवलं की नंतर त्या तितक्या टाळत नाहीत. ही सवय थोड्या वेळात ओसरते. चार दिवस ठेवलं तर सवय मुरते आणि कित्येक दिवस टिकते. अननसाला सरावलेली माशी कार्बन डायऑक्साइडला मात्र पूर्वीसारखीच बिचकते. म्हणजे नाक बोथट झालेलं नाही, एकाच वासावर बोट ठेवून आवाज उतरवलेला आहे.

रॉड्रिग्ज, डब्लिनचे मणि रामस्वामी आणि त्यांच्या चमूने हे बोट कुणाचं ते शोधलं. सवय लागते तेव्हा त्याच वासाच्या गुंडाळीत गाबा सोडणाऱ्या स्थानिक पेशींचा जोर वाढतो. चार दिवसांच्या सवयीत ती गुंडाळी आकारानेही वाढते. निरोप वर नेणाऱ्या पेशींवरचे गाबाचे ग्राहक कमी केले, तर सवयच लागत नाही. नाकाच्या पेशी पूर्वीसारख्याच हाका मारत असतात, पण मधल्या जिन्यात कुणीतरी त्या हाकांवर हात ठेवतं, आणि ज्या हाका रोज येतात त्यांच्यावरचा हात दिवसेंदिवस जड होत जातो. या शोधाचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज २०१० च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगाने गेल्या होत्या. त्यांना मी कधी भेटलो नाही. तरी तो निबंध वाचला तेव्हा आईसाठी कुणीतरी साक्ष दिल्यासारखं वाटलं.

माशीचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. माणसाच्या सवयीत नाकाचा, गंधकंदाचा (नाकाचे निरोप मेंदूत जिथे आधी पोचतात तो भाग) आणि मेंदूच्या वरच्या मजल्यांचाही वाटा असतो. पण आवर घालणाऱ्या पेशींची ही रचना, गुंडाळी आणि तिच्याभोवतीचा गाबाचा पहारा, कीटकांत आणि सस्तन प्राण्यांत इतकी सारखी आहे की दोघांनी एकच युक्ती वापरावी यात मला नवल वाटत नाही.

आणि ही युक्ती मोठी उपयोगाची आहे. आमच्या गल्लीतला कुत्रा गटाराच्या कडेला झोपतो. गटाराचा वास त्याच्या नाकात क्षणोक्षणी भरत असणार, तरी चार घरं सोडून कुणी बोंबील तळायला घेतले की तो मान वर करतो. जुना वास वजा केला म्हणूनच नवा उठून दिसतो.

इथवर गाबा म्हणजे फक्त झाकण असं वाटेल. त्याची खरी करामत पुढेच आहे, आणि ती कळायला सह्याद्रीतल्या एका वेलीकडे जावं लागतं.

काकमारी हे तिचं नाव. कोकणात आणि घाटाच्या जंगलात ही जाडजूड वेल चढते. तिची विषारी फळं कुटून डोहात टाकली की मासे गुंगून वर तरंगतात, हे मासेमारीचं जुनं तंत्र. त्या फळांच्या बियांमधलं विष म्हणजे पिक्रोटॉक्सिन. ते गाबाने उघडणारं क्लोराइडचं दार अडवून ठेवतं. आवर सुटला की मेंदूत वणवा पेटतो, आणि जास्त मात्रेत झटके येतात. प्रयोगशाळेत मात्र हेच विष थेंबाथेंबाने वापरून आवर नसता तर काय झालं असतं हे पाहता येतं.

१९९७ मध्ये मार्क स्टॉपफर, गिल्स लॉरेंट आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांवर ते वापरलं. मधमाशीला एखादा वास देऊन लगेच साखरपाणी दिलं की ती तो वास शिकते, आणि पुढे नुसत्या वासानेही सोंड बाहेर काढते. काही माश्यांच्या मेंदूतल्या वासाच्या केंद्रावर पिक्रोटॉक्सिन लावलं. त्या शिकल्या, सोंडही काढू लागल्या. वास येत होता, लक्षातही राहत होता. पण हेक्झॅनॉल शिकलेल्या माशीला त्याचा सख्खा शेजारी ऑक्टॅनॉल दिला की तिला फरक कळेना. अगदी निराळा वास मात्र तिने बरोबर वेगळा ओळखला: जिरॅनिऑल, जे आपल्या खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलात भरपूर असतं. आवर काढून घेतल्यावर वास गेला नाही. हरवलं ते जवळच्या दोन वासांमधलं अंतर.

घरी तबला असेल त्यांना हे लगेच पटेल. डग्ग्यावर थाप मारून हात उचलला तर नुसता घुमारा उठतो, सगळ्या थापा सारख्याच. मनगट पुडीवर दाबत, सरकवत नेलं की त्याच घुमाऱ्यातून वेगवेगळे बोल निघतात. मधमाशीच्या मेंदूत गाबा हे मनगटाचं काम करत होतं. आवर घालणाऱ्या पेशी निरोप्या पेशींना क्षणभर एकत्र थोपवतात आणि एकत्र सोडतात. टोळाच्या मेंदूत ही लय सेकंदाला सुमारे २० ठोक्यांची असते. पिक्रोटॉक्सिनने पेशी पेटायच्या थांबल्या नाहीत, त्यांचा ताल मोडला.

आवर घालणाऱ्या पेशींच्या या जाळ्याचं गणितही सुंदर आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले कॉलिन्स असिसी यांनी तिथे येण्यापूर्वी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर ते मांडलं. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा रंगवताना शेजारच्या दोन जिल्ह्यांना एक रंग द्यायचा नाही हा नियम आठवा. ठाण्याला हिरवा दिला की रायगडाला दुसरा. आता जिल्ह्यांच्या जागी एकमेकींना आवरणाऱ्या पेशी ठेवा. ज्या दोघी एकमेकींना दाबतात त्या एका वेळी बोलू शकत नाहीत, त्यांचे रंग वेगळे. एका रंगाच्या सगळ्या एकदम बोलतात, मग दुसऱ्या रंगाची पाळी. कोण कुणाला गप्प करतं एवढं कळलं, तर कोण केव्हा बोलेल याचा अंदाज बांधता येतो.

त्याच आयसरमध्ये निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा उंदरांवर काम करते. त्यांचा मला सगळ्यांत आवडणारा प्रयोग त्याआधीचा, हायडेलबर्गमधला. तहानलेल्या उंदराने नळीत नाक घालायचं. एका वासाला चाटलं तर पाणी मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. एकीकडे केळ्याच्या वासाचं अमाइल ॲसिटेट, दुसरीकडे अननसाच्या वासाचं इथाइल ब्युटिरेट. हे उंदीर सुमारे २०० मिलिसेकंदांत ओळखतो, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. मग कठीण प्रश्न: दोन्ही वास मिसळून एका कुपीत ६० भाग केळं आणि ४० भाग अननस, दुसरीत नेमकं उलट. तरीही उंदीर ओळखतोच, फक्त ७० ते १०० मिलिसेकंद जास्त घेतो. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जादा वेळात मेंदू काय करत असेल?

२०१० च्या निबंधात त्याचं उत्तर आलं. सस्तन प्राण्यांच्या गंधकंदात ग्रॅन्यूल नावाच्या असंख्य बारीक पेशी असतात. निरोप्या पेशी त्यांना चेतवतात, आणि त्या उलट त्याच निरोप्यांवर आणि त्यांच्या शेजाऱ्यांवर गाबा सोडतात. हा दुतर्फा व्यवहार १९६६ मध्ये विल्फ्रिड रॉल, गॉर्डन शेफर्ड आणि सहकाऱ्यांनी आधी गणिताने ताडला आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिला. अब्राहम आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या ग्रॅन्यूल पेशींत जनुकीय बदल केले. काही उंदरांत आवर वाढला, काहींत घटला. आवर वाढलेल्या उंदरांनी ती अवघड मिश्रणं लवकर ओळखली, घटलेल्यांना जास्त वेळ लागला. सोप्या वासांत दोघांत फारसा फरक पडला नाही. घट्ट आवर असलेला मेंदू जवळचे वास लवकर वेगळे करतो, हे आधी वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं होतं. पण डग्ग्याकडे पाहिलं की ते सरळ होतं.

पुण्यातूनच २०२३ मध्ये आलेलं काम मन हलवणारं आहे. पिल्लू असताना आईपासून रोज काही काळ दूर ठेवलेले उंदीर मोठेपणी जवळचे वास वेगळे करायला शिकताना अडखळतात. याचा धागा गंधकंदातल्या सोमॅटोस्टॅटिन सोडणाऱ्या, आवर घालणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. बालपणीच्या ताणाचा वळ नाकाच्या वाटेवरही उमटतो.

आई आणि पिल्लाचा विषय निघाला आहे, तर मेंढीचं सांगायलाच हवं. धनगरांना हे पुस्तकाविना ठाऊक असतं: व्यायलेली मेंढी आपल्या कोकराला हुंगून घेते, आणि तास दोन तासांत तिचा निर्णय पक्का होतो. मग परकं कोकरू सडाशी आलं तर ती ढुशी देऊन हाकलते. केंब्रिजजवळ कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मेंढीच्या गंधकंदात पाहिलं. विण्याआधी तिथल्या पेशी चाऱ्याच्या वासाला जास्त दाद देत होत्या. व्याल्यावर त्याच पेशी कोकरांच्या वासाकडे वळल्या. आणि ओळख पटल्यावर फक्त स्वतःच्या कोकराच्या वासाने गंधकंदातलं ग्लुटामेट आणि गाबा दोन्ही वाढले. शेकडो कोकरांच्या कळपात आपलं एक निवडायचं तर आवरणारं रसायनही वाढावं लागतं. ‘हे माझं’ म्हणताना मेंढीच्या मेंदूत गाबा सांडत असतं.

सगळ्या हरवलेल्या वासांचं कारण मात्र गाबा नसतं, आणि हा फरक आमच्या भागात जीवावरचा आहे. गटारात आणि सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कितीतरी कमी असला तरी त्याचा सडक्या अंड्यांचा वास कळतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास येणंच बंद होतं, कारण वायू नाकातल्या गंधसंवेदनेलाच बधिर करतो. तिथे कुणी हुशारीने आवाज उतरवलेला नसतो, घंटाच तुटलेली असते. टाकीत उतरणाऱ्या माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीकाठच्या वडोल गावात नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनांच्या वाफांनी शेकडो लोकांना रात्रीतून रुग्णालय गाठावं लागलं. त्या रात्री सवय कुणाच्याच कामी आली नाही. सवयीने वास उतरतो, हवेतलं विष तेवढंच राहतं. म्हणून एखाद्या वस्तीने तक्रार केली नाही तर तिथली हवा बरी असेल, असं धरून चालणं मला भयंकर वाटतं. हवा तपासायला यंत्रं लागतात, किंवा मामांसारखं बाहेरून आलेलं नाक.

हे सगळं मी आईला सांगितलं, फळमाशीपासून मेंढीपर्यंत. ती ओट्यापाशीच होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, “म्हणजे त्या दिवशी मला येत होता वास?”

“नाकाला येत होता,” मी म्हटलं.

त्यानंतर तिने एक रीत लावून घेतली आहे. रात्री निजानीज करण्याआधी ती घराबाहेर जाते, अम्मांच्या दारापाशी पाच-दहा मिनिटं उभी राहते, दोघी काहीबाही बोलतात. मग ती परत येते आणि उंबऱ्यावर थांबून, आत पाऊल टाकण्याआधी, एकदा खोल श्वास घेते.